क्रमगुणित संख्यापद्धती

स्थानमूल्याच्या तत्त्वावर आधारलेली, परंतु सर्व स्थानांना एकच आधारांक नसलेली, पूर्णांक लिहिण्याची एक पद्धती. या पद्धतीत उजवीकडून पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या इ. स्थानांची मूल्ये अनुक्रमे १!, २!, ३!, ... म्हणजे १, २, ६, २४, १२०, ७२०, ... अशी असतात. (पहिल्या न धन पूर्णांकांच्या गुणाकाराला न चे क्रमगुणित म्हणतात व ते न! असे लिहितात, उदा., ४! = १ × २ × ३ × ४ = २४.) दैनंदिन व्यवहारात ही पद्धती वापरली जात नाही, तथापि गणिताच्या दृष्टीने ती दोन कारणांनी महत्त्वाची आहे. एक म्हणजे पूर्णांकाचे कोणते गुणधर्म त्याचे स्वतःचे आहेत व कोणते केवळ लेखनपद्धतीमुळे दिसतात, हा भेद तिच्या साहाय्याने स्पष्टपणे पाहता येतो. दुसरे म्हणजे काही वस्तूंच्या सर्व संभाव्य क्रमवार मांडण्यांना ओळीने क्रमांक देणे व दिलेल्या क्रमांकावरून मांडणी शोधून काढणे ही दोन्ही कामे तीमुळे सुलभ होतात. यांपैकी दुसऱ्या कामासाठी या पद्धतीमागील कल्पनेचा उपयोग देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात रचलेल्या संगीतरत्नाकर या संस्कृत ग्रंथात केलेला आढळतो.

मिश्र आधारांक : प्रचलित दशमान पद्धतीत प्रत्येक स्थानाचे मूल्य त्याच्या उजवीकडील स्थानाच्या मूल्याच्या दहापट असते, द्विमान पद्धतीत ते दुप्पट असते. अशा पद्धतींत आधारांक (अनुक्रमे १० व २) सर्वत्र सारखाच राहतो. परंतु स्थानमूल्याच्या तत्त्वासाठी तो सारखाच असला पाहिजे असे नाही. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती सुरू होईपर्यंत हिशेब रुपये, आणे व पै यांत लिहीत असत. त्यात १२ पैंचा एक आणा व १६ आण्यांचा एक रुपया होई. म्हणजे पहिल्या घरातून दुसऱ्या घरात जाताना १२ ने व दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना १६ ने भागावे लागे. ६० सेकंदांचे एक मिनिट, ६० मिनिटांचा एक तास, २४ तासांचा एक दिवस व ७ दिवसांचा एक आठवडा ही कालमापनाची रीतही याच प्रकारची आहे. अशा पद्धतींना मिश्र आधारांकी पद्धती म्हणतात. क्रमगुणित संख्यापद्धती ही मिश्र आधारांकी असून तिच्यातील आधारांक २, ३, ४, ५, ... असे एकेकाने वाढत जातात.

लेखन व रूपांतर : या पद्धतीत पहिल्या स्थानी ० किंवा १, दुसऱ्या स्थानी ० ते २, तिसऱ्या स्थानी ० ते ३ आणि सामान्यतः न व्या स्थानी ० ते न यांपैकी कोणताही अंक येऊ शकतो. दहाव्या व त्यापुढील स्थानी येणारे ‘अंक’ ९ पेक्षा मोठे असू शकत असल्याने ते एकमेकांना जोडून न लिहिता स्वल्पविरामांनी अलग करून कंसात लिहिणे सोयीचे असते. शून्यापासून पुढील पूर्णांक या पद्धतीत (०), (१), (१, ०), (१, १), (२, ०), (२, १), (१, ०, ०), ... असे लिहिले जातात. यांतील अखेरचा पूर्णांक ६ हा होय.

दशमान पद्धतीतील संख्येचे रूपांतर करण्यासाठी तिला प्रथम २ ने भागून बाकी पहिल्या स्थानी लिहितात. येणाऱ्या भागाकाराला ३ ने भागून बाकी दुसऱ्या स्थानी लिहितात. त्यानंतरच्या भागाकाराला ४ ने भागतात आणि भागाकार शून्य येईपर्यंत हीच कृती पुढे चालू ठेवतात. उदा., १,००० ला २ ने भागल्यास भागाकार ५०० व बाकी ०. ५०० ला ३ ने भागल्यास भागाकार १६६ व बाकी २. १६६ ला ४ ने भागल्यास ४१ व बाकी २. ४१ ला ५ ने भागल्यास ८ व बाकी १. ८ ला ६ ने भागल्यास १ व बाकी २. शेवटी १ ला ७ ने भागल्यास ० व बाकी १. बाक्या उलट क्रमाने वाचल्या असता १,००० = (१, २, १, २, २, ०) असे मिळते. पडताळा पाहिल्यास ७२० + २ × १२० + २४ + २ × ६ + २ × २ + ० = १,००० हे बरोबर जुळते.

दशमान पद्धतीत १,००० ही संख्या ‘पूर्ण’ वा ‘गोळाबेरीज’ वाटते, कारण तिच्या शेवटी तीन शून्ये आहेत. क्रमगुणित पद्धतीत तिला असे कोणतेही वैशिष्ट्य नाही. उलट एरवी ज्यांत लक्षणीय असे काही दिसत नाही, त्या ७२० व ५,०४० या संख्या येथे (१, ०, ०, ०, ०, ०) व (१, ०, ०, ०, ०, ०, ०) अशा लिहिल्या जातात. शेवटच्या शून्यांची संख्या हा केवळ संख्येचा नव्हे, तर संख्या व आधारांक यांच्यातील संबंधाचा गुणधर्म आहे, हे यावरून दिसून येते.

प्रत्येक पूर्णांकाचे एकमेव रूप : कोणतीही लेखनपद्धती उपयुक्त ठरण्यासाठी प्रत्येक पूर्णांक तीत लिहिता आला पाहिजे व तो एकाच प्रकारे लिहिता आला पाहिजे. क्रमगुणित पद्धतीत या दोन्ही अटी पूर्ण होतात. याचे मूळ पुढील सूत्रात आहे :

१ × १! + २ × २! + ३ × ३! + ... + न × न! = (न + १)! − १.

(न + १)! म्हणजे न! ची (न + १) पट असल्याने न × न! हे पद (न + १)! − न! असे लिहिता येते. डाव्या बाजूची सर्व पदे अशा रीतीने लिहून बेरीज केली असता मधली सर्व पदे परस्परांना छेदतात व वरील सूत्र मिळते. त्याचा अर्थ असा की, न स्थाने व प्रत्येक स्थानी शक्य तेवढा मोठा अंक घेतला, तर मिळणारी संख्या पुढील स्थानाच्या मूल्याहून नेमकी एकाने लहान असते. (३, २, १) म्हणजे २३, (४, ३, २, १) म्हणजे ११९ आणि (५, ४, ३, २, १) म्हणजे ७१९. दशमान पद्धतीत ९, ९९, ९९९ यांचे जे स्थान, तेच येथे या संख्यांचे आहे.

यावरून एकमेवत्वही सिद्ध होते. दोन भिन्न रूपांत डावीकडून ज्या स्थानी प्रथम फरक पडतो, त्या स्थानी किमान त्या स्थानाच्या मूल्याइतका फरक असतो. उजवीकडील सर्व स्थाने मिळूनही तो भरून काढता येत नाही, कारण त्यांची कमाल बेरीज त्या मूल्याहून एकाने कमी असते. म्हणून भिन्न रूपे भिन्न संख्याच दर्शवितात. न स्थानांत लिहिता येणारी रूपे २ × ३ × ४ × ... × (न + १) म्हणजे (न + १)! इतकी आहेत आणि ० पासून (न + १)! − १ पर्यंतचे पूर्णांकही तितकेच आहेत. तेव्हा प्रत्येक पूर्णांकाच्या वाट्याला एक व एकच रूप येते.

अंकांची बेरीज : वजने १, २, ६, २४, १२०, ७२०, ... ग्रॅमची असून प्रत्येक प्रकारची हवी तितकी उपलब्ध आहेत असे मानल्यास, एखादी वस्तू तोलण्यास कमीत कमी किती वजने लागतील याचे उत्तर तिच्या वजनाच्या क्रमगुणित रूपातील अंकांच्या बेरजेएवढे असते. १,००० ग्रॅमसाठी १ + २ + १ + २ + २ + ० = ८ वजने पुरतात, त्यांहून कमी पुरत नाहीत. कारण उघड आहे : न! ग्रॅमची (न + १) वजने एकत्र आली, तर त्यांऐवजी (न + १)! ग्रॅमचे एकच वजन ठेवता येते. म्हणून किमान वजने वापरताना न! ग्रॅमची वजने न पेक्षा अधिक असू शकत नाहीत आणि हीच अंकांवरील मूळची अट आहे.

बेरीज : बेरीज करताना दशमान पद्धतीप्रमाणेच हातचा घ्यावा लागतो, फरक एवढाच की, पहिल्या स्थानी बेरीज २ झाली की, दुसऱ्या स्थानी ३ झाली की व न व्या स्थानी (न + १) झाली की एक हातचा पुढे जातो. उदा., (१, २, १) व (२, १, १) म्हणजे ११ व १५ यांची बेरीज करताना पहिल्या स्थानी १ + १ = २, म्हणून ० लिहून हातचा १; दुसऱ्या स्थानी २ + १ + १ = ४, त्यातून ३ वजा जाऊन १ उरतो व हातचा १; तिसऱ्या स्थानी १ + २ + १ = ४, म्हणून ० व हातचा १. उत्तर (१, ०, १, ०) म्हणजे २६ येते. गुणाकार मात्र क्लिष्ट होतो. दशमान पद्धतीत १० ने गुणल्यास सर्व अंक एक स्थान डावीकडे सरकतात. येथे दोन शेजारच्या स्थानांतील गुणोत्तर सतत बदलत असल्याने असा कोणताही सोपा गुणक नाही.

विभाज्यता : दशमान पद्धतीत एखाद्या संख्येला २, ४, ५, ८ किंवा २५ ने निःशेष भाग जातो की नाही हे तिच्या शेवटच्या काही अंकांवरून सांगता येते, कारण १० चे अवयव २ व ५ हे आहेत. ७ ने भाग जातो की नाही हे ठरविण्यास मात्र संख्या कितीही मोठी असली तरी तिचे सर्व अंक विचारात घ्यावे लागतात. म्हणजे २ व ५ या मूळ संख्यांना या पद्धतीत विशेष स्थान मिळते व ३, ७, ११, १३ इत्यादींना ते मिळत नाही. क्रमगुणित पद्धतीत असा पक्षपात नाही. क हा कोणताही धन पूर्णांक घेतला, तरी क! व त्यापुढील सर्व स्थानमूल्यांना क ने भाग जातोच. म्हणून क ने विभाज्यता ठरविण्यास उजवीकडील (क − १) अंक नेहमीच पुरेसे असतात.

याची काही उदाहरणे पुढीलप्रमाणे आहेत. शेवटचा अंक ० असेल, तर संख्या सम असते. शेवटचे दोन अंक (०, ०) किंवा (१, १) असतील, तर व तरच संख्येस ३ ने भाग जातो. शेवटचा अंक ० असून त्याच्या लगत डावीकडील दोन अंकांची बेरीज सम असेल, तर व तरच ४ ने भाग जातो. ७ साठी शेवटचे सहा अंक लागतात. १, २, ६, २४, १२०, ७२० यांना ७ ने भागल्यास अनुक्रमे १, २, ६, ३, १, ६ या बाक्या उरतात व ६ च्या जागी −१ घेता येतो. म्हणून उजवीकडून अनुक्रमे १, २, −१, ३, १, −१ यांनी अंकांना गुणून बेरीज करावी. (१, २, १, २, २, ०) साठी ती ० + ४ − २ + ३ + २ − १ = ६ येते आणि १,००० ला ७ ने भागल्यास बाकी ६ च उरते. तसेच शेवटचे (क − १) अंक शून्य असणे याचा अर्थ संख्येस क! ने भाग जाणे हाच होय.

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. १,००० ला ७ ने भाग जात नाही हे त्या संख्येबद्दलचे सत्य आहे. ती कशीही लिहिली तरी ते बदलत नाही. त्याचप्रमाणे संख्या सम वा विषम असणे, मूळ असणे, वर्गसंख्या असणे हे गुणधर्म लेखननिरपेक्ष आहेत. ते ओळखण्याची कसोटी मात्र लेखनसापेक्ष असते व एका पद्धतीत श्रमाने कळणारी गोष्ट दुसऱ्या पद्धतीत केवळ पाहून कळू शकते. [⟶ संख्या सिद्धांत].

अपूर्णांक : पूर्णांकांप्रमाणेच ० व १ यांच्या दरम्यानच्या संख्याही या पद्धतीत लिहिता येतात. त्यासाठी १/२!, १/३!, १/४!, ... ही स्थानमूल्ये घेतात व १/न! या स्थानी ० ते (न − १) यांपैकी एक अंक येतो. दशमान पद्धतीत १/३ = ०·३३३... व १/७ = ०·१४२८५७१४२८५७... हे अपूर्णांक कधीच संपत नाहीत. त्यांतील अंकांची आवर्तने होत राहतात. क्रमगुणित पद्धतीत मात्र

१/३ = ०/२! + २/३!,

१/५ = ०/२! + १/३! + ०/४! + ४/५!,

१/७ = ०/२! + ०/३! + ३/४! + २/५! + ०/६! + ६/७!

असे सर्व अपूर्णांक सांत (संपणारे) होतात. सामान्यतः अ/ब या परिमेय संख्येतील छेद ब ने ब! ला भाग जात असल्याने तिचे रूप १/ब! या स्थानापर्यंत संपलेच पाहिजे. उलटपक्षी संपणारे प्रत्येक रूप परिमेय संख्याच दर्शविते. दशमान पद्धतीत ०·९९९... हे १ चेच दुसरे रूप असल्याने तशी रूपे जशी वगळतात, तशी एखाद्या स्थानापासून पुढे सर्वत्र महत्तम अंक असलेली रूपे येथेही वगळावी लागतात. असे केल्यावर नियम अगदी सोपा होतो : संख्या परिमेय असेल, तर तिचे रूप संपते, अपरिमेय असेल, तर संपत नाही.

या नियमाचे एक सुंदर फलित म्हणजे स्वाभाविक लॉगरिथमाचा आधारांक असलेली ई (२·७१८२८...) ही संख्या होय. तिची श्रेढी २ + १/२! + १/३! + १/४! + ... अशी आहे. म्हणजे क्रमगुणित पद्धतीत ई ची अपूर्ण स्थाने १, १, १, १, ... अशी न संपता चालू राहतात व त्यावरून ई ही अपरिमेय संख्या आहे हे तत्काळ कळते. ई ची अपरिमेयता लेओनार्ट ऑयलर (१७०७—८३) यांनी १७३७ मध्ये वितत अपूर्णांकांच्या साहाय्याने सिद्ध केली होती. झोझेफ फूर्ये (१७६८—१८३०) यांची १८१५ मध्ये प्रसिद्ध झालेली अधिक सोपी सिद्धता वर दिलेल्या विचारसरणीशी मूलतः जुळणारी आहे. दशमान पद्धतीत ज्या संख्येच्या अंकांत कोणतीही सोपी रचना आढळत नाही, तिचीच रचना येथे सर्वांत साधी होते.

क्रमचयांशी संबंध : दिलेल्या वस्तूंच्या विशिष्ट क्रमाने केलेल्या मांडणीला क्रमचय म्हणतात. न भिन्न वस्तूंचे न! क्रमचय होतात. भास्कराचार्यांच्या लीलावती या ग्रंथाच्या (११५०) अंकपाश या प्रकरणात अशा मांडण्यांची संख्या काढण्याचे नियम दिलेले आहेत. (न − १) स्थानांच्या क्रमगुणित रूपांची संख्याही न! हीच आहे. हे साम्य योगायोगाचे नाही. प्रत्येक रूपाशी एक क्रमचय व प्रत्येक क्रमचयाशी एक रूप यांची सरळ सांगड घालता येते. ती कशी घालावयाची हे शार्ङ्गदेवाच्या पद्धतीवरून उत्तम रीतीने समजते.

शार्ङ्गदेवाचा खंडमेरू : शार्ङ्गदेव हा संगीतरत्नाकराचा कर्ता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरमधील असून ते पुढे दक्षिणेत स्थायिक झाले होते. देवगिरीचा (सध्याचे दौलताबाद) यादव राजा सिंघण याच्या पदरी तो हिशेबखात्यातील (श्रीकरणातील) अधिकारी होता. ग्रंथाच्या सात अध्यायांपैकी पहिल्या स्वरगताध्यायात स्वरांच्या क्रम बदलून होणाऱ्या तानांचा विचार केलेला असून एक ते सात स्वरांच्या मांडण्या अनुक्रमे १, २, ६, २४, १२०, ७२० व ५,०४० होतात असे सांगितले आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रापासून चालत आलेल्या परिभाषेप्रमाणे सर्व मांडण्या नियमाने ओळीने लिहून काढणे यास प्रस्तार, क्रमांकावरून मांडणी शोधणे यास नष्ट व मांडणीवरून क्रमांक शोधणे यास उद्दिष्ट म्हणतात.

शार्ङ्गदेवाच्या प्रस्तारात मूळ क्रम (सा रे ग म) प्रथम येतो व शेवटचा स्वर सर्वांत सावकाश बदलतो. चार स्वरांच्या २४ मांडण्यांपैकी पहिल्या सहांच्या अखेरीस म, पुढील सहांच्या अखेरीस ग, त्यापुढील सहांच्या अखेरीस रे व शेवटच्या सहांच्या अखेरीस सा असतो. नष्ट व उद्दिष्ट यांसाठी त्याने खंडमेरू नावाचा कोष्टक दिला आहे. चार स्वरांसाठी त्याचे स्तंभ १, ०, १, ०, २, ४, आणि ०, ६, १२, १८ असे होतात. सात स्वरांसाठी त्यांत ०, २४, ४८, ७२, ९६. ०, १२०, २४०, ३६०, ४८०, ६००. आणि ०, ७२०, १,४४०, २,१६०, २,८८०, ३,६००, ४,३२० या स्तंभांची भर पडून एकूण २८ घरे होतात. प्रत्येक स्तंभातून एकेक संख्या निवडून बेरीज केली असता १ ते ५,०४० यांपैकी प्रत्येक क्रमांक एकदा व एकदाच मिळतो. पहिल्या स्तंभातील १ सोडल्यास ही निवड म्हणजे क्रमगुणित रूपच होय. खडे घरांत ठेवून ही निवड दाखविण्याची रीत ग्रंथात सांगितली आहे.

उदाहरणार्थ, चार स्वरांची सोळावी तान काढावयाची असल्यास १६ = १ + १ + २ + १२, म्हणजे पहिला १ वगळून (२, १, १) हे रूप मिळते. स्वर वरून खाली म, ग, रे, सा असे मांडून पहिल्या अंकाप्रमाणे दोन स्वर सोडून पुढचा, म्हणजे रे, हा अखेरीस ठेवावा. उरलेल्या म, ग, सा यांतील एक सोडून पुढचा ग हा त्याच्या डावीकडे, आणि उरलेल्या म, सा यांतील एक सोडून पुढचा सा हा त्याच्या डावीकडे ठेवावा. शेवटी उरलेला म प्रथम स्थानी येऊन ‘म सा ग रे’ ही तान मिळते. याच रीतीने सात स्वरांच्या ५,०४० तानांपैकी हजारावी तान आधीच्या ९९९ न लिहिता काढता येते. ९९९ = (१, २, १, २, १, १) असल्याने अखेरचा स्वर ध, त्याआधी क्रमाने म, प, रे, ग, सा व सर्वांत आधी नी येतो; म्हणजे ती तान ‘नी सा ग रे प म ध’ ही होय.

या रूपातून आणखी एक गोष्ट कळते. मूळ क्रमात नंतर येणारा स्वर मांडणीत आधी आला, तर त्या जोडीला व्युत्क्रम म्हणतात. रूपातील प्रत्येक अंक हा त्या स्थानी असलेल्या स्वराच्या आधी त्याच्याहून वरचे किती स्वर आले आहेत हे दर्शवितो. त्यामुळे अंकांची बेरीज म्हणजे एकूण व्युत्क्रमांची संख्या होय. वरील तानेत नी नंतर सहा स्वर येत असल्याने सहा, ग–रे हा एक व प–म हा एक असे आठ व्युत्क्रम आहेत आणि १ + २ + १ + २ + १ + १ ही बेरीजही ८ आहे. ही बेरीज सम की विषम यावरून क्रमचय सम की विषम ते ठरते व या वर्गीकरणाला निर्धारकांच्या व गटांच्या सिद्धांतांत मूलभूत महत्त्व आहे.

पुढील विकास : नारायण पंडित यांनी गणितकौमुदी (१३५६) या ग्रंथातील अंकपाश प्रकरणात प्रस्तार, नष्ट, उद्दिष्ट इ. विषयांचे संगीत व छंद यांपासून स्वतंत्र असे व्यापक गणिती विवेचन केले. यूरोपात गेओर्ग कँटर (१८४५—१९१८) यांनी १८६९ मध्ये मिश्र आधारांकी पद्धतींचा सर्वसाधारण विचार मांडून परिमेय व अपरिमेय संख्यांची रूपे कशी असतात हे दाखविले. शार्ल आंझ लेझां (१८४१—१९२०) या फ्रेंच गणितज्ञांनी १८८८ मध्ये क्रमगुणित संख्यालेखनाचा क्रमचयांसाठी उपयोग विशद केला. अमेरिकन गणितज्ञ डेरिक हेन्री लेमर (१९०५—९१) यांनी १९६० मध्ये संगणकाकडून क्रमचय काढून घेण्याच्या रीतींचे विवेचन केले. त्यामुळे क्रमचयाला जोडलेल्या या अंकमालिकेला लेमर संकेत असे नाव पडले आहे.

उपयोग व मर्यादा : क्रमचयांची यादी साठवून न ठेवता हवा तो क्रमचय काढणे, यादीचे समान भाग करून ते अनेक संगणकांकडे सोपविणे व क्रमचय एका संख्येच्या रूपात साठविणे यांसाठी ही पद्धती वापरतात. यदृच्छया क्रम लावण्याच्या कामातही तिचे तत्त्व निर्णायक ठरते. तीन पत्ते पिसताना प्रत्येक पायरीस तीनही जागांपैकी कोणतीही एक निवडून अदलाबदल केली, तर ३ × ३ × ३ = २७ समसंभाव्य मार्ग होतात. शक्य क्रम मात्र ६ आहेत व २७ ला ६ ने भाग जात नाही. म्हणून काही क्रम इतरांपेक्षा अधिक वेळा आलेच पाहिजेत. सोडतीत किंवा एखाद्या औषधाच्या चाचणीत रुग्णांचा क्रम ठरविताना असा दोष राहिल्यास निष्कर्षच सदोष ठरतो. त्याऐवजी क्रमगुणित रूपातील प्रत्येक अंक आपापल्या मर्यादेत स्वतंत्रपणे व समसंभाव्यतेने निवडला, तर प्रत्येक क्रमाला समान संधी मिळते. रॉनल्ड फिशर व फ्रँक येट्स यांनी १९३८ मध्ये दिलेली रीत, म्हणजे दर वेळी उरलेल्या वस्तूंतूनच एक निवडणे, ही याच तत्त्वाची आहे.

पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. स्थाने वाढतील तसतशी नवी अंकचिन्हे लागतात व त्यांच्या संख्येला अंत नाही. लहान संख्यांचे लेखन लांबते, १०! म्हणजे ३६,२८,८०० ही संख्या दशमान पद्धतीत ७ अंकी, तर येथे १० अंकी होते. २४! ही संख्या दोन्ही पद्धतींत २४ अंकी असून त्यापुढील क्रमगुणितांचे लेखन येथे दशमान पद्धतीपेक्षा आखूड होते, परंतु तेथील अंक मोठे असतात. गुणाकार-भागाकाराच्या क्लिष्टतेचा उल्लेख वर आलाच आहे. दहा चिन्हांत व एकाच पाढ्यांच्या साहाय्याने सर्व व्यवहार करणे हा दशमान पद्धतीचा लाभ असून काही निवडक मूळ संख्यांना मिळणारे विशेष स्थान ही त्याची किंमत आहे. क्रमगुणित पद्धतीत ते विशेष स्थान नाहीसे होते आणि त्याची किंमत म्हणून चिन्हांची मर्यादा सोडावी लागते. सर्व दृष्टींनी श्रेष्ठ अशी एकच लेखनपद्धती नाही. कोणता प्रश्न सोडवावयाचा आहे यावर पद्धतीची निवड अवलंबून असते.